शर्मन नेमका कोणता? किटचा पहिला भाग कापण्याआधी पाहायच्या खुणा

शर्मन या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रणगाड्याच्या प्लॅस्टिक किटच्या पेटीवर 'एम४ए१', 'एम४ए३' असं काहीतरी ठळक छापलेलं असतं आणि आत मात्र त्या रणगाड्याशी संबंध नसलेले पंधरावीस भाग निघतात. कारण सरळ आहे. साचा महाग असतो, म्हणून किट बनवणारे एकाच बोगीचा (चाकांची जोडी धरणारा स्प्रिंगांचा सांगाडा) किंवा टरेटचा (वरचा फिरता तोफ-बुरूज) स्प्रू (सुटे भाग लागलेली प्लॅस्टिकची चौकट) चारपाच वेगवेगळ्या पेट्यांत घालतात. सूचनापत्रक नीट पाळलं तरी पर्यायी भाग समोर येतात: अ किंवा ब, यातला निवडा. कशावरून निवडायचा ते तिथे लिहिलेलं नसतं. मग फेब्रुवारी १९४४ नंतरच्या हलवर (रणगाड्याच्या धडावर) १९४२ चं टरेट जाऊन बसतं आणि रंगकाम कितीही देखणं असलं तरी जाणत्याची नजर आधी तिथेच जाते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवायची ती ही: ए१, ए२, ए३ हे आकडे सुधारणांचा क्रम सांगत नाहीत. ते मुख्यतः इंजिन सांगतात. ए१ चं वेगळेपण तेवढं ओतीव हलमध्ये आहे, इंजिन त्याचं आणि साध्या एम४ चं एकच. एम४ए१ फेब्रुवारी १९४२ मध्ये लायमा लोकोमोटिव्हच्या कारखान्यातून बाहेर पडला, साध्या एम४ च्याही आधी. पुढे हे सगळे प्रकार वेगवेगळ्या कारखान्यांत एकाच वेळी बनत होते आणि एकूण ४९,२३४ शर्मन तयार झाले. हॅच (आत शिरायचं दार), टरेट, मँटलेट (तोफेच्या मुळाशी असलेली ढाल), बोगी हे बदल प्रत्येक कारखान्याने आपापल्या सोयीने, आपापल्या महिन्यात उचलले. म्हणजे 'ए' पुढचा आकडा रणगाड्याचा मागचा अर्धा भाग ठरवतो आणि कारखाना व महिना पुढचा अर्धा. म्हणून ओळख मागून सुरू करायची. बहुतेक जण टरेटपासून सुरू करतात आणि तिथेच फसतात, कारण टरेट सगळ्या प्रकारांत सारखंच फिरत होतं.

तर इंजिन डेक, म्हणजे इंजिनावरचा मागचा सपाट भाग.

एम४ आणि एम४ए१ मध्ये काँटिनेंटल आर९७५ हे हवेने थंड होणारं नऊ सिलिंडरचं रेडियल इंजिन. टरेटच्या लगेच मागे हवा आत घेण्याच्या जागेवर जाड चिलखती झाकण असतं आणि त्यामागे डेकच्या भरीव प्लेट्स. जाळी दिसत नाही. मागून पाहिलं तर वरच्या हलची खालची कड उलट्या 'यू'सारखी वर गेलेली असते. त्या कोनाड्यात, खालच्या हलच्या उभ्या प्लेटवर, इंजिनापर्यंत पोचायची दोन दारं आणि दोन्ही बाजूंना वरून टांगलेले दोन एअर क्लीनर. उशिराच्या गाड्यांवर मध्ये एग्झॉस्टचा डिफ्लेक्टर लोंबतो आणि दारं झाकली जातात, पण एअर क्लीनर तरीही कडेला दिसतात.

एम४ए२ मध्ये जनरल मोटर्सची दोन ६-७१ डिझेल इंजिनं शेजारी शेजारी जोडलेली. एम४ए३ मध्ये फोर्डचं जीएए व्ही-८, पेट्रोलवर चालणारं, ५०० अश्वशक्तीचं. या दोघांच्या डेकवर टरेटमागे जाळीची दोन दारं असतात आणि बाहेर टांगलेले एअर क्लीनर नसतात. मागची वरची प्लेट सरळ कडेची आणि खालपर्यंत उतरलेली. या दोघांतला फरक जाळीच्या लांबीत आहे. ए३ ची जाळी मोठी, डेकचा बहुतेक भाग व्यापणारी. ए२ ची जाळी आखूड, तिच्यामागे भरीव प्लेट. फोटो बाजूने घेतलेला असेल तर हे दोन प्रकार हल पाहून वेगळे करणं फार कठीण आहे. तिथे वापरणारं सैन्य पाहावं लागतं. सोव्हिएत युनियनला गेलेले शर्मन हे एम४ए२, अमेरिकन मरीन्सचे नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा बेटावर उतरलेले मध्यम रणगाडेही एम४ए२ (आरमाराकडे उतरणाऱ्या बोटींसाठी डिझेल होतंच), आणि एम४ए३ अमेरिकन लष्कराने स्वतःसाठी राखून ठेवलेला.

एम४ए४ हा सगळ्यांत वेगळा, आणि ओळखायला खरं तर सगळ्यांत सोपा. क्रायस्लरने प्रत्येकी सहा सिलिंडरची पाच मोटारइंजिनं एकाच क्रँककेसभोवती बसवून तीस सिलिंडरचं ए५७ मल्टिबँक तयार केलं. ते नेहमीच्या हलमध्ये मावेना, म्हणून हल ११ इंचांनी लांबवलं. १/३५ मापाच्या किटमध्ये हा फरक बरोब्बर ८ मिमी येतो, १/४८ मध्ये ५.८ आणि १/७२ मध्ये ३.९. कॅलिपर लावायचीही गरज पडत नाही: बोग्यांमधलं अंतर पाहा. इतर शर्मनमध्ये एक बोगी जवळजवळ पुढच्या बोगीला खेटून असते, ए४ मध्ये मधे ऐसपैस मोकळी जागा दिसते. टरेटमागच्या हवेच्या झाकणावर रेडिएटरच्या पंख्यासाठी काढलेला फुगवटा असतो, पोटाखालीही तसाच. ट्रॅकच्या (चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्याच्या) कड्या एका बाजूला ८३, इतरांच्या ७९.

हा कड्यांचा आकडा कामाचा आहे. शर्मनच्या ट्रॅकची एक कडी ६ इंची, १/३५ मध्ये साधारण ४.३५ मिमी. म्हणजे एम४ए४ ला दर बाजूला सुमारे ३६१ मिमी ट्रॅक लागतो, बाकीच्यांना ३४४. सुटे ट्रॅक वेगळे विकत घेताना पाकिटावर किती कड्या आहेत ते आधी मोजून घ्या. एम४ए४ साठी दोन्ही बाजूंना मिळून १६६ हव्यात, आणि सुट्या ट्रॅकची भर रणगाड्याच्या पुढच्या प्लेटवर लावायची असेल तर त्याही वर. रबरी पट्ट्याचे ट्रॅक असतील तर ते ७९ च्या मापाचे आहेत का हे जोडण्याआधीच बघायचं. आखूड पट्टा ताणून बसवला तर काही महिन्यांत तो आयडलर आणि स्प्रॉकेट (ट्रॅकच्या दोन टोकांची चाकं) आतल्या बाजूला ओढतो आणि शेवटी सांध्यात तुटतो.

एम४ए५ शोधू नका. तो क्रमांक कॅनडाच्या रॅम रणगाड्यासाठी राखला होता. एम४ए६ फक्त ७५ बनले, त्यामुळे त्या नावाचं किट घेतलंत तर युद्धभूमीवरचा देखावा करायचा विचार सोडा.

मागचा भाग ठरला की हलचं पोलाद. एम४ए१ चं हल पूर्ण ओतीव, कडा गोलसर, बाजूच्या रेषा वाकलेल्या. बाकीचे वेल्ड केलेले, सपाट प्लेट्सचे, धारदार कडांचे. एकच गोंधळ आहे: काही एम४ पुढून ओतीव आणि मागून वेल्ड केलेले निघाले. इंग्रजांनी यांना 'हायब्रिड' म्हटलं. समोरून घेतलेल्या फोटोत हा एम४ए१ च वाटतो. बाजू दिसली तरच कळतं, कारण टरेटच्या आसपास गोलाई संपून सपाट प्लेट सुरू होते आणि मध्ये उभा वेल्ड असतो. फक्त समोरचा फोटो हातात असेल तर 'हा एम४ए१ आहे' असं ठामपणे म्हणू नये.

आता पुढचा भाग. इथे माझ्या मते सगळ्यात जास्त चुका होतात.

सुरुवातीच्या वेल्डेड हलची पुढची प्लेट उभ्या रेषेपासून ५६ अंश मागे झुकलेली होती. इतक्या उतारावर चालकाचं डोकं मावण्यासाठी दोन उंचवटे पुढे काढावे लागले आणि त्यांच्यावरची हॅच अरुंद राहिली. हे 'लहान हॅच'चं हल. पुढे ही रचना बदलली: प्लेट ४७ अंशांवर आणली, ती एकसंध आणि अडीच इंच जाड केली, उंचवटे गेले आणि हॅच मोठी झाली. हे 'मोठ्या हॅच'चं हल. किटवर कोन मोजायचा सोपा उपाय म्हणजे जाड कागदाचा साचा. आडव्या रेषेपासून मोजलं तर पहिला ३४ अंश आणि दुसरा ४३. दोन त्रिकोण कापून ठेवा, वर्षानुवर्षं पुरतात.

कोणत्या प्रकाराला कोणती हॅच हे ठरलेलं आहे आणि इथूनच बरेच अशक्य जोड पकडता येतात. एम४ए४ ला फक्त लहान हॅच. मोठ्या हॅचचा एम४ए४ कधी बनलाच नाही. पूर्ण वेल्ड केलेला, मोठ्या हॅचचा साधा एम४ दिसला तर तो १०५ मिमी हॉवित्झरचा, नेहमीच्या ७५ मिमी तोफेचा नव्हे. त्याच्या टरेटच्या छपरावर वायुवीजनाच्या दोन टोप्या असतात, ७५ वर एकच. ७५ मिमीचा मोठ्या हॅचचा एम४ हवा असेल तर तो ओतीव पुढच्या भागाचा हायब्रिड. आणि कारखान्यातूनच ७६ मिमी तोफ घेऊन निघालेले सगळे शर्मन मोठ्या हॅचचे, मग ते ए१ असोत, ए२ की ए३.

लहान हॅचच्या एम४ए३ बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण किटच्या बाजारात तो बराच दिसतो. तो फोर्डने जून १९४२ ते सप्टेंबर १९४३ या काळात बनवला, १,६९० गाड्या. यातल्या बहुतेक अमेरिकेतच प्रशिक्षणासाठी राहिल्या. त्यामुळे लहान हॅचचा एम४ए३ जून १९४४ च्या नॉर्मंडीत उभा करायचा असेल तर तसा फोटो हातात असल्याशिवाय करू नये. १९४४ च्या उत्तरार्धात युरोपात दिसणारा ७५ मिमीचा एम४ए३ म्हणजे सहसा फिशर कारखान्याचा, मोठ्या हॅचचा, नावापुढे 'डब्ल्यू' लागलेला.

त्या 'डब्ल्यू'चा संबंध थेट बाहेरून दिसणाऱ्या एका खुणेशी आहे. सुरुवातीच्या शर्मनमध्ये तोफगोळे हलच्या बाजूंना, ट्रॅकच्या वरच्या पोकळीत ठेवलेले असत. बाजूने मार बसला की दारू पेटे. तात्पुरता उपाय म्हणून बाहेरून एक इंच जाडीच्या जादा प्लेट्स वेल्ड केल्या: उजव्या बाजूला दोन, डाव्या बाजूला एक. नंतर गोळे जमिनीलगत, पाण्याच्या कप्प्यांनी वेढलेल्या खणांत हलवले. तो 'डब्ल्यू'. मग बाजूच्या प्लेट्सची गरज उरली नाही. म्हणून 'डब्ल्यू' गाडीवर या तीन प्लेट्स लावल्या की ती चूक ठरते. पण मोठी हॅच म्हणजे 'डब्ल्यू' असंही नाही. मोठ्या हॅचचे हायब्रिड एम४ आणि ७५ मिमीचे एम४ए२ जुन्याच पद्धतीने गोळे ठेवायचे आणि त्यांवर बाजूच्या प्लेट्स दिसतात.

प्लेट्स किटमध्ये साच्यातच असतील तर त्यांची जाडी मोजा. एक इंच म्हणजे १/३५ मध्ये ०.७३ मिमी. बऱ्याच किटमध्ये त्या पातळ निघतात. ०.७५ मिमीची प्लॅस्टिक शीट चालते. कडा काटकोनात ठेवून कापा, गोल घासू नका, आणि चिकटवताना प्लेट हलच्या पृष्ठभागावर पूर्ण टेकली पाहिजे. वेल्ड फक्त कडेला येतो. टरेटच्या उजव्या गालावरही अशीच एक वाकवलेली प्लेट असते. तिथे आतल्या यंत्रणेला जागा करण्यासाठी टरेटची भिंत आतून पातळ केली होती, ती उणीव बाहेरून भरून काढली. नंतरच्या टरेटमध्ये ती जाडी ओतकामातच आणली, म्हणून त्यावर ही प्लेट नको.

टरेटचं ओतकाम क्रमांकाने ओळखतात. ७५ मिमीच्या सुरुवातीच्या टरेटवर डी५०८७८ हा क्रमांक उठावात असतो. त्याचा मागचा फुगीर भाग खाली उतरलेला आहे. मोठी हॅच आली तेव्हा हा भाग मागे वळलेल्या स्थितीत हॅचच्या झाकणांना अडू लागला, म्हणून मागचा भाग उचललेलं नवं टरेट आलं, डी७८४६१. यावर लोडरसाठी (तोफेत गोळे भरणाऱ्यासाठी) वेगळी लंबगोल हॅचही मिळाली. किटमध्ये दोन्ही टरेट आली तर चिकटवण्याआधी एक चाचणी करा: हलवर हॅचची झाकणं बंद करून बसवा, टरेट ठेवा आणि १८० अंश फिरवा. मोठ्या हॅचच्या हलवर जुनं टरेट झाकणांच्या फार जवळून जातं किंवा घासतं. टरेटच्या डाव्या बाजूचं छोटं पिस्तूल-दार हीसुद्धा तारखेची खूण आहे. सुरुवातीला होतं, १९४३ मध्ये काही काळ बंद केलं आणि त्या वर्षाच्या शेवटाकडे परत आणलं. त्यामुळे जुनं टरेट दारासह आणि दाराविना दोन्ही मिळतं, तर नव्यावर दार असतं.

मँटलेट दोन प्रकारचं. एम३४ अरुंद, तोफेच्या नळीपुरतं. एम३४ए१ टरेटच्या तोंडाइतकं रुंद, कारण त्यात तोफेशेजारी थेट नेम धरायची दुर्बीण आली, आणि तिच्यासाठी उजव्या बाजूला भोक. एम३४ लावून दुर्बिणीचं भोक काढणं किंवा एम३४ए१ लावून ते बुजवणं, दोन्ही वाईट.

७६ मिमीचं टरेट वेगळंच, मोठं आणि मागे लांबलेलं. इथे नळीचं टोक बघायचं. आधी साधी नळी, मग टोकाला आटे असलेली आणि त्यांवर संरक्षक रिंग चढवलेली, मग मझल ब्रेकची (तोफेचा धक्का कमी करणारं टोक). लोडरची हॅचही आधी गोल दुपाखी, नंतर लहान लंबगोल. जुलै १९४४ च्या 'कोब्रा' मोहिमेत ७६ मिमी प्रथम मोठ्या संख्येने लढला, तो एम४ए१. त्या वेळच्या गाडीला दुपाखी हॅच आणि मझल ब्रेक नसलेली नळी शोभते.

गिअरच्या घराचं पुढचं कवच, म्हणजे नाक, तीन तुकड्यांचं बोल्ट लावलेलं किंवा एकसंध ओतीव. एकसंध आधी गोलसर, नंतर टोकदार. एम४ए४ वर तीन तुकड्यांचंच. इथे फार रेंगाळायचं कारण नाही, फोटोत समोरूनच स्पष्ट दिसतं.

बोगीवर मात्र थांबू. सर्वांत जुनी बोगी आधीच्या एम३ रणगाड्याची: ट्रॅकचा परतीचा रोलर बोगीच्या डोक्यावर मधोमध. स्प्रिंगा मोठ्या केल्यावर तिथे जागा उरली नाही, म्हणून रोलर मागच्या बाजूला हातावर गेला. तो हात आधी सरळ होता आणि रोलर पुरेशा उंचीवर यावा म्हणून खाली ठोकळे घालावे लागले. नंतर हातच वर वळवला. डोक्यावर मधोमध रोलरऐवजी घसरपट्टी आली. किट जोडताना सर्रास होणारी चूक म्हणजे रोलरचा हात पुढच्या दिशेला जाणं. तो प्रत्येक बोगीवर रणगाड्याच्या मागच्या बाजूला यायला हवा. बोगीचे दोन अर्धे भाग उलटसुलट जुळतात, आणि सहाही बोग्या एकदम रांगेत ठेवून जोडल्या तर तीन हमखास उलट निघतात. म्हणून तीन डाव्या, तीन उजव्या असे दोन वेगळे गठ्ठे करा. पेन्सिलीने आतल्या बाजूला बाण काढा, मगच चिकटवा. चाकं आणि त्यांचे हात हलते राहावेत असं किट सांगत असेल तर सिमेंट (प्लॅस्टिकचा गोंद) ब्रशच्या टोकाने, थेंब न टाकता लावा. पातळ सिमेंट केशाकर्षणाने आत ओढलं जातं आणि सगळी बोगी वाकडी जखडते. मग एक चाक हवेत राहतं.

आडव्या स्प्रिंगांचं नवं सस्पेन्शन म्हणजे एचव्हीएसएस. चाकं जोडीने आणि ट्रॅक २३ इंच रुंद, १/३५ मध्ये १६.७ मिमी. जुन्या साडेसोळा इंची ट्रॅकचे १२ मिमी होतात. ऑगस्ट १९४४ पासून डेट्रॉइटमध्ये ७६ मिमीच्या एम४ए३ वर हे येऊ लागलं, आणि त्यालाच सगळे 'ईझी एट' म्हणतात. त्याआधीच्या तारखेचा देखावा असेल तर हे सस्पेन्शन नको.

या सगळ्या खुणा जुळवताना एक नियम उपयोगी पडतो. जुन्या हलवर नवे भाग येऊ शकतात, नव्या हलवर जुने भाग सहसा येत नाहीत. अमेरिकेत प्रशिक्षणाला वापरलेल्या अनेक जुन्या गाड्या पुन्हा कारखान्यात नेऊन दुरुस्त केल्या, बाजूच्या प्लेट्स आणि रुंद मँटलेट लावून युद्धावर पाठवल्या. त्यामुळे १९४२ च्या हलवर एम३४ए१ दिसलं तर दचकू नका. उलट मोठ्या हॅचच्या 'डब्ल्यू' हलवर डोक्यावर रोलरची बोगी दाखवली असेल तर ते चित्रच संशयास्पद. ट्रॅक मात्र झिजणारी वस्तू. रबरी असोत की पोलादी, जे मिळेल ते चढवत. तिथे फोटो सांगेल तेच खरं.

इंग्रजी नावांचा हिशोब सोपा आहे. शर्मन १ म्हणजे एम४, २ म्हणजे एम४ए१, ३ म्हणजे ए२, ४ म्हणजे ए३, ५ म्हणजे ए४. पुढे अक्षर: ए म्हणजे ७६ मिमी, बी म्हणजे १०५, सी म्हणजे १७ पाउंडर ही इंग्रजी तोफ, वाय म्हणजे एचव्हीएसएस. फायरफ्लायच्या, म्हणजे १७ पाउंडरवाल्या शर्मनच्या, पेटीवर 'पाच सी' असेल तर आत लांब हल आणि ८३ कड्यांचा हिशोब निघालाच पाहिजे. फायरफ्लायवर पुढच्या मशिनगनरची जागा काढून गोळ्यांना दिलेली असते, म्हणून त्याच्या मशिनगनचं भोक प्लेटने बुजवलेलं. टरेटच्या मागे रेडिओची चिलखती पेटी आणि छपरावर लोडरसाठी कापलेली चौकोनी हॅच. मशिनगनची नळी किटमध्ये शिल्लक असते आणि हात तिकडे जातोच. तो भाग आधीच कापून बाजूला काढून ठेवा.

पोताचं काम हाही ओळखीचाच भाग आहे. ओतीव भागांना खडबडीत पोत: टरेट, मँटलेट, नाक, आणि एम४ए१ चं सबंध हल. लाटून काढलेल्या प्लेटला पोत नाही. वेल्डेड एम४ए३ ला सगळीकडे खरबरीत केलेलं पाहिलं की वाईट वाटतं, कारण मेहनत तर घेतलेली असते. पोतासाठी मिस्टर सरफेसर ५०० (दाट प्रायमर) छोट्या भागावर लावून, अर्धवट सुकत असताना आखूड केसांच्या ताठ ब्रशने उभं टोचायचं. एका वेळी दोन-तीन चौरस सेंटिमीटरच घ्या. फार उठाव आला तर पूर्ण सुकल्यावर ६०० नंबरच्या सँडपेपरने हलका हात फिरवायचा. १/३५ मध्ये हा पोत हाताला कळावा, दुरून दिसू नये. ओतकामाचे क्रमांक आधी सुऱ्याने अलगद सोडवून बाजूला ठेवा आणि पोत झाल्यावर परत लावा, नाहीतर सरफेसर त्यांना गिळतो. वेल्डसाठी मेणबत्तीवर ताणलेला स्प्रूचा धागा साधारण अर्धा मिमी जाडीचा घ्या, सांध्यात ठेवून त्यावर पातळ सिमेंट फिरवा, मिनिटभर मऊ होऊ द्या आणि बोथट सुऱ्याच्या टोकाने एकसारख्या अंतरावर दाबत जा. धागा फार मऊ झाला तर दाब पसरतो आणि वेल्ड सपाट पडतो. तेव्हा पाच मिनिटं थांबून पुन्हा दाबायचं. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जायला मिळालं तर गाडी कुठलीही असो, ओतीव टरेट आणि वेल्डचे सांधे जवळून बघा. खऱ्या ओतकामाचा पोत किती सौम्य असतो ते फोटोत कळत नाही.

जुन्या साच्यांच्या किटमध्ये ट्रॅकच्या वरची पोकळी खालून उघडी असते. उलटं धरलं की आतला अंधार दिसतो. अर्धा मिमी शीटच्या पट्ट्या कापून ती हल जोडतानाच बंद करा. बोग्या लागल्यावर हात जात नाही.

डिकालचा (चिकटवायच्या छापील चिन्हांचा) विचारही आधी. अमेरिकन नोंदणी क्रमांक ठरावीक कंत्राटातल्या गाड्यांचे, म्हणजे ठरावीक कारखान्याचे आणि ठरावीक महिन्यांचे असत. डिकालवरचा क्रमांक फोर्डच्या एम४ए३ चा आणि तुमचं हल फिशरचं, असं झालं तर सगळी मेहनत त्या एका ओळीने उलटी पडते. दिलेल्या तीन-चार पर्यायांपैकी तुमच्या हलशी जुळणारा एखादाच असतो, आणि कधीकधी एकही नाही. तेव्हा क्रमांक मळाखाली झाकावा किंवा सामानाची गुंडाळी त्यावर आणावी. रणगाड्यांवर खरोखरच इतकं सामान लादलेलं असे की ते अजिबात खोटं दिसत नाही.

आता हे सगळं एका गाडीवर लावून पाहू. २५५ वी भारतीय टँक ब्रिगेड फेब्रुवारी-मार्च १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेकटिलावर चालून गेली, तिच्यात प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स शर्मनवर होते. यातलाच शर्मन ५ करायचा ठरवला, म्हणजे एम४ए४. पेटीत हल लांबच आहे ना ते बोग्यांच्या फटीवरून तपासायचं. लहान हॅच, तीन तुकड्यांचं नाक, डेकवर फुगवटा. टरेट डी५०८७८. पिस्तूल-दार, मँटलेट, गालावरची प्लेट आणि बाजूच्या तीन प्लेट्स हे निवडलेल्या फोटोत जसं असेल तसं, अंदाजाने काही नाही. ब्रिगेडचे शर्मन ७५ मिमीचे होते, तेव्हा त्याच साच्यातून फायरफ्लायची पेटी निघत असल्यामुळे आत आलेली लांब नळी, रेडिओची पेटी आणि मशिनगनच्या भोकावरची प्लेट बाजूला. डेक्कन हॉर्सने पुढे सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरला लढवलेल्या शर्मनचं किट करायचं असेल तर हे टरेट त्याला वापरू नका. तिथे ७६ मिमीची गाडी लागते, म्हणजे मोठी हॅच, नेहमीच्या लांबीचं हल आणि ७९ कड्या.